खुलासा: डिऑन सँडर्स यांचा कोलोरॅडोतला पहिला हंगाम

प्रशिक्षक डिऑन सँडर्स यांनी पहिल्याच वर्षी कोलोरॅडो विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ ‘बाउल’ सामन्यात (हंगामाअखेर निवडक संघांमध्ये होणाऱ्या सामन्यात) नेला आणि त्याच वर्षी त्याच संघातल्या ट्रॅव्हिस हंटरला हाइझमन पुरस्कार (सर्वोत्तम महाविद्यालयीन फुटबॉलपटूचा) मिळाला, असं सध्या फिरतंय. हे चूक आहे. दोन हंगामांची सरमिसळ झाली आहे.

पहिला हंगाम 2023 चा. सुरुवात खरोखर दणक्यात झाली: आदल्या वर्षीचा राष्ट्रीय उपविजेता टीसीयू (टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठ) 45-42 असा हरला आणि पहिले तिन्ही सामने जिंकले. मग ओरेगनने 42-6 असं धुतलं. सगळ्यात जिव्हारी लागणारा पराभव स्टॅनफर्डविरुद्धचा. मध्यंतराला 29-0 अशी आघाडी असूनही जादा वेळेत 46-43 अशी हार! शेवटी 4 विजय, 8 पराभव. बाउलसाठी साधारणपणे 6 विजय लागतात.

हंटरचा हाइझमन आणि 9 विजय हे 2024 मधले. तेव्हाचा अलामो बाउलही बीवायूकडून (ब्रिगहॅम यंग विद्यापीठ) गमावला.

तरीही 2022 मध्ये हाच संघ फक्त 1 सामना जिंकला होता. त्यामुळे 4 विजयांना अपयश म्हणणंही मला अन्यायाचं वाटतं.