जुना लॅपटॉप भंगारात? जरा थांबा

विंडोज १० ची मुदत संपल्यापासून पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. 'जुना लॅपटॉप आता बिनकामाचा, नवा घ्या. लिनक्सच्या नादी लागू नका. सगळ्या कमांड टाइप कराव्या लागतात, मराठी येत नाही, प्रिंटर चालत नाही, आणि फुकट देतात म्हणजे डेटा विकत असणार.' खाली 'जनहितार्थ' आहेच. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम.

बिनकामाचा कसा? १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने नेहमीची सुरक्षा अपडेट थांबवली, लॅपटॉप नाही. नोंदणी केली तर घरगुती वापरासाठी आणखी वर्षभर ती मिळतात. विंडोज ११ ला मात्र टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचे आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर चालत नाहीत. म्हणून २०१६ चा धडधाकट लॅपटॉपही बाद. त्यावर लिनक्स मिंट, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, ४ जीबी रॅममध्ये चालतं. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी ही वेगवान डिस्क टाकली तर पळतं.

कमांडचं म्हणाल तर खाली डावीकडे मेनू आहे, त्यात फायरफॉक्स आहे. क्लिक करा. संपलं.

मराठीचा मुद्दा मात्र नीट बघू, कारण इथे लोक खरंच अडखळतात. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडलं की इनस्क्रिप्ट, म्हणजे बटणांची ठरलेली मराठी मांडणी, मिळतं, विंडोजवर असतं तेच. गडबड होते ती जुन्या फाइलींची. कृतिदेवसारख्या फाँटमध्ये 'क' साठी 'डी'चं बटण दाबतात, 'म' साठी 'ई'चं, आणि फाइलमध्येही ती इंग्रजी अक्षरंच साठतात. फाँटने फक्त वर मराठी मुखवटा चढवलेला असतो. तो फाँट नसेल तर अख्खी लग्नपत्रिका इंग्रजी अक्षरांचा काला दिसते, विंडोजवरसुद्धा! मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा, म्हणजे फाइलमध्ये खरी मराठी अक्षरं साठतील. जोडाक्षरं तेवढी डोळ्यांनी तपासा, तिथे हमखास घोळ होतो.

डेटा विकण्याचा तर्क 'फुकट ते पौष्टिक'च्या बरोबर उलटा, पण तितकाच आंधळा. लिनक्स कर्नलचा, म्हणजे त्याच्या गाभ्याचा, कोड कुणालाही वाचता येतो. त्यावर पैसे मिळतात ते कंपन्यांना सेवा पुरवून. पुण्यातही ऑफिस असलेली रेड हॅट ही कंपनी हेच करते. आयबीएमने २०१९ मध्ये ती ३४ अब्ज डॉलरला घेतली.

प्रिंटरबाबत मेसेज अर्धा खरा आहे. एचपीचे बरेचसे प्रिंटर जोडले की चालतात, पण घरोघरी दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० लिनक्सवर रडवतो. याहून मोठी अडचण मेसेजवाल्याला सुचलीच नाही: टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची लिनक्स आवृत्ती नाही. हिशेब टॅलीवर असतील तर त्या कॉम्प्युटरला हात लावू नका.

बाकीच्यांनी मिंट पेनड्राइव्हवर घ्यावं, इन्स्टॉल न करता त्यावरूनच लॅपटॉप सुरू करावा. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, एक पान छापलं जातंय का, एवढं बघा. जमलं नाही तर पेनड्राइव्ह काढून रीस्टार्ट करा, विंडोज जिथल्या तिथे असेल. आणि इन्स्टॉल करायचं ठरलंच, तर आधी फोटो दुसऱ्या डिस्कवर घ्या.