अडकलेल्या स्टिअरिंगवर हातोडा का चालवू नये

कोल्हापुरातील जुन्या मोटारी बाळगणाऱ्यांच्या मोबाइलवर सध्या एक संदेश फिरत आहे. स्टिअरिंगचे चाक निघत नसेल तर मधला नट पूर्ण काढावा, एकाने चाक स्वतःकडे ओढून धरावे आणि दुसऱ्याने, ज्यावर चाक बसते त्या दांड्याच्या टोकावर हातोडा घालावा. तरीही न हलल्यास गॅसच्या बत्तीने शेकावे. पुलर, म्हणजे चाक ओढून काढायचे हत्यार, हा गॅरेजवाल्यांचा पैसे उकळण्याचा बहाणा आहे, असे त्यात म्हटले आहे.

नट पूर्ण काढणे ही पहिली चूक. अडकलेले चाक सुटते ते एकदम, आणि नट नसेल तर ते थेट ओढणाऱ्याच्या तोंडावर येते. नट दोन-तीन आटे सैल करून जागेवर ठेवावा. तसे ठेवून चाक आळीपाळीने दोन्ही बाजूंनी ओढल्यास कमी अडकलेले चाक सुटते, एवढे मात्र संदेशातील ओढण्याच्या बाबतीत खरे आहे.

हातोड्याचा सल्ला सर्वांत घातक. दांड्यावर बसलेला घाव चाकाच्या हबपुरता, म्हणजे दांड्यावर बसणाऱ्या मधल्या भागापुरता, राहत नाही; जुन्या गाड्यांच्या सलग दांड्यातून तो खालच्या बेअरिंगपर्यंत आणि स्टिअरिंगच्या पेटीतल्या दात्यांपर्यंत जातो, तर अपघातात आत दबावा म्हणून दोन भागांत बनवलेला दांडा अशा घावाने गॅरेजमध्येच दबू शकतो. शिवाय टोक पसरते. माझ्या पद्मिनी मोटारीच्या दांड्याचे टोक मीच असे ठोकून भुईछत्रीसारखे केले होते. चाक निघाले नाही ते नाहीच, नटही पुन्हा बसेना, आणि शिवाजी उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याकडून डाय फिरवून आटे सावरून घ्यावे लागले. कोल्हापुरात ताकदीला तोटा नाही, पण इथे ती कामाची नाही.

शेकण्याने चाकाचे प्लास्टिक, हॉर्नची वायर आणि संपर्काची कडी आधी जाते. त्यातच आधी गंज सोडवणारा स्प्रे मारलेला असेल तर तो पेटतो. त्याऐवजी दांडा आणि हब यांच्या फटीत स्प्रे मारून रात्रभर थांबावे. आपल्याकडच्या पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाडीत, विशेषतः पोलादी दांड्यावर अॅल्युमिनियमचा हब असेल तर, फटीत पांढरी भुकटी धरते आणि ती एका फवाऱ्यात सुटत नाही.

पुलरविषयीचा आरोप तर त्याचे काम न समजल्यामुळे झाला आहे. तो हब ओढतो आणि त्याच वेळी दांडा ढकलतो. दोन्ही जोर एकमेकांवरच फिरतात, खाली बेअरिंगपर्यंत काही पोहोचत नाही. हबला आटे पाडलेली दोन छिद्रे असतील तर जाड पट्टी, दोन बोल्ट आणि मधला एक स्क्रू एवढ्यातच पुलर होतो. उद्यमनगरात भंगारातल्या पट्टीतूनही तो करून मिळेल. छिद्रे नसतील तर पुलरचे पंजे हबच्या मागे लावावेत, चाकाच्या कडेला कधीही नाही, कारण जुनी कडक कड तडकते. ताण देऊन थांबावे, पुन्हा स्प्रे मारावा, मग पाव फेरा.

आणि संदेशात ज्याचा उल्लेखच नाही ते म्हणजे खूण: पुलर लावण्याआधी पुढची चाके सरळ करून हब आणि दांडा यांवर रंगाची एक रेघ ओढावी, नाहीतर स्टिअरिंगचे चाक दांड्यावरच्या खाचांत एका दात्याने चुकून बसते आणि सरळ रस्त्यावरही आरे तिरपे दिसत राहतात.