‘पिशवी आली, आता छंद विसरा’ : फिरत्या संदेशाला मुद्देसूद उत्तर

ऑस्टोमी म्हणजे मल किंवा लघवी बाहेर येण्यासाठी शस्त्रक्रियेने पोटावर वाट करणे. ‘ऑस्टोमीनंतर घ्यायची काळजी’ अशा मथळ्याचा एक संदेश गेली काही वर्षे हातोहात फिरत आहे, आणि शस्त्रक्रिया होऊन घरी आलेल्या माणसाला तो कोणीतरी हितचिंतक हमखास पाठवतो. त्यात म्हटले आहे, की पोटावर पिशवी आल्यावर पोहणे कायमचे बंद करावे, कारण स्टोमातून, म्हणजे पोटावर केलेल्या त्या वाटेच्या तोंडातून, पाणी आत शिरते. धावणे, सायकल, नृत्य, डोंगर चढणे सोडावे, कारण स्टोमाला धक्का लागतो आणि जोर पडला की हर्निया होतो. बाहेर जावेच लागले तर आदल्या रात्रीपासून खाणेपिणे कमी करावे, म्हणजे पिशवी भरत नाही. वास येतो म्हणून चारचौघांत मिसळू नये. आणि इतर पिशवीधारकांच्या गटात तर जाऊच नये, कारण त्यांची दुःखे ऐकून मन खचते, असे त्यात बजावलेले आहे. अल्सरेटिव्ह कोलायटिसमुळे, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण आणणाऱ्या विकारामुळे, माझे मोठे आतडे काढावे लागले, तेव्हापासून मी इलिओस्टोमीसह जगते आहे, आणि हा संदेश खरा मानून मी जवळजवळ एक वर्ष पाण्यात उतरले नव्हते. ते वर्ष कोणा दुसऱ्याचे जाऊ नये, एवढ्यासाठी त्यातील प्रत्येक मुद्द्याला उत्तर देत आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कोलोस्टोमीत मोठे आतडे, इलिओस्टोमीत लहान आतडे पोटाच्या भिंतीतून बाहेर आणलेले असते, आणि युरोस्टोमीत मूत्रमार्ग वळवून तेथून लघवी बाहेर काढलेली असते. तिन्हींमध्ये पिशवी लागत असली तरी तिन्हींची काळजी सारखी नसते, आणि सर्वांना एकच नियम सांगणारा हा संदेश येथेच पहिली चूक करतो.

पाण्याचा मुद्दा लवकर निकालात निघतो. स्टोमा म्हणजे उघडी जखम नव्हे. तो आतड्याचाच भाग असतो, ओठांच्या आतल्या बाजूसारखा लालसर आणि ओलसर, आणि पोहताना किंवा अंघोळ करताना त्यातून पाणी पोटात जात नाही. पिशवी काढून अंघोळ करण्यासही हरकत नसते. टाके पूर्ण भरल्यावर आणि शल्यचिकित्सकाने परवानगी दिल्यावर पोहता येते. त्यासाठी बेसप्लेट, म्हणजे पिशवी त्वचेला धरून ठेवणारी चिकट चकती, लावल्यानंतर तिला त्वचेवर पक्की बसायला निदान तासभर द्यावा, उतरण्यापूर्वी पिशवी रिकामी करावी, आणि पिशवीला वायू बाहेर सोडणारा कोळशाचा फिल्टर असेल तर त्यावर सोबत मिळणारी चिकटपट्टी लावावी, कारण फिल्टर भिजला की काम करत नाही. मनात धास्ती असेल तर घरीच टबात अर्धा तास बसून पाहावे. मी तेच केले होते, आणि अर्ध्या तासानंतर बेसप्लेटच्या कडा जागच्या जागी पाहिल्या तेव्हा माझी निम्मी भीती तेथेच सुटली.

धक्क्याच्या मुद्द्यात सत्याचा एक अंश आहे, पण तो संदेशात सांगितलेला नाही. स्टोमाला वेदना जाणवणाऱ्या नसा नसतात, त्यामुळे पट्ट्याची कड घासली किंवा बेसप्लेटचे छिद्र लहान पडले तरी दुखत नाही, आणि इजा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून व्यायामानंतर स्टोमाकडे नजर टाकण्याची सवय लावून घ्यावी. पुसताना रक्ताचा एखादा थेंब दिसणे नेहमीचे आहे. स्टोमा काळसर किंवा जांभळा पडणे, किंवा रक्त न थांबणे, ही मात्र तातडीने रुग्णालय गाठण्याची लक्षणे आहेत. जेथे अंगाला अंग भिडते अशा खेळांसाठी स्टोमावर बसणारे कडक संरक्षक कवच मिळते, आणि असा खेळ सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारणे आवश्यकच आहे. परंतु विचारणे आणि आयुष्यभर सोडून देणे यांत फार अंतर आहे. अमेरिकी फुटबॉलमधील सॅन डिएगो चार्जर्स संघाचा किकर रॉल्फ बेनिर्श्के १९७९ मध्ये आतड्याच्या विकाराने मरणाच्या दारी पोहोचला होता. पोटावर पिशवी घेऊन तो १९८० मध्ये मैदानावर परतला, आणि जानेवारी १९८२ मध्ये मायामीविरुद्ध अतिरिक्त वेळेत गेलेल्या सामन्यात विजय मिळवून देणारी किक त्याचीच होती. गोल्फपटू अल गायबर्गर यांचीही १९८० मध्ये इलिओस्टोमी झाली आणि पुढे ज्येष्ठांच्या व्यावसायिक स्पर्धा त्यांनी जिंकल्या. प्रत्येकाने असे काही करून दाखवावे, असे मला मुळीच सुचवायचे नाही. ‘धक्का लागेल’ एवढ्या कारणावरून ज्याला अंगणात फेरी मारण्यासही मनाई केली जाते, त्याला ही उदाहरणे ठाऊक असावीत, इतकेच माझे म्हणणे आहे.

सायकलचा प्रश्न मात्र वेगळा आहे, आणि तो पिशवीचा नसून बसण्याच्या जागेचा आहे. ज्यांचे गुदद्वार शस्त्रक्रियेत काढून शिवलेले असते, त्यांची ती जखम भरायला काही महिने लागू शकतात, आणि ती पूर्ण भरण्याआधी सायकलच्या सीटवर बसणे खरोखरच चुकीचे ठरते. हा फरक रुग्णाला कोणी समजावून सांगत नाही. त्याला फक्त ‘सायकल बंद’ एवढेच ऐकू येते.

आता हर्नियाविषयी. या मुद्द्यावर मी अधिक थांबणार आहे, कारण ही भीती खोटी नाही आणि म्हणूनच ती सर्वांत जास्त नुकसान करते. स्टोमासाठी पोटाच्या स्नायूंना छेद द्यावा लागतो. ती जागा कायमची थोडी कमकुवत राहते आणि तेथून आतड्याचा भाग बाहेर ढकलला जाऊन स्टोमाभोवती फुगवटा येऊ शकतो. ही गुंतागुंत विरळ नाही. पहिले सहा ते बारा आठवडे जड वजन उचलू नये, हा डॉक्टरांचा सल्ला अक्षरशः पाळला पाहिजे. पण हर्नियाचा धोका वाढवणारी कारणे पाहिली, तर त्यांत वाढते वजन, धूम्रपान, जुनाट खोकला आणि सैल पडलेले स्नायू यांची नावे येतात. म्हणजे आयुष्यभर न हलता बसून राहिल्याने यांतील दोन कारणे आपणच ओढवून घेतो. त्याऐवजी शस्त्रक्रियेनंतर थोड्याच दिवसांत, डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट यांच्या देखरेखीखाली, चालणे, पाठीवर झोपून गुडघे अलगद डावी-उजवीकडे झुकवणे, कंबर हलकेच जमिनीला टेकवणे असे साधे व्यायाम सुरू करता येतात. पुढे वजन उचलताना श्वास कोंडून धरण्याऐवजी जोर लावतानाच तो सोडावा, खोकला किंवा शिंक आली की हाताने किंवा उशीने स्टोमाला आधार द्यावा, आणि आधारपट्टा कोणत्या मापाचा व केव्हा वापरावा हे स्टोमा नर्सकडून ठरवून घ्यावे. फुगवटा आधीच आला असेल तरीही बहुतेकांचे चालणे-फिरणे थांबत नाही. मात्र फुगवट्यासह तीव्र वेदना, उलट्या आणि पिशवीत काहीच न येणे अशी लक्षणे एकत्र दिसली तर घरी वाट पाहत बसू नये. काही आठवड्यांसाठी दिलेली सूचना जन्मभराची बंदी म्हणून पुढे पाठवणे हा या संदेशाचा मूळ दोष आहे, आणि तो येथे सर्वांत स्पष्ट दिसतो.

खाणेपिणे कमी करण्याचा सल्ला तर केवळ चुकीचा नाही, तो धोकादायक आहे. मोठे आतडे दररोज साधारण एक ते दीड लिटर पाणी आणि त्याबरोबर मीठ शोषून घेते. इलिओस्टोमीत ते काम बंद झालेले असते, आणि स्थिरावल्यानंतरही पिशवीतून दिवसाला सुमारे ५०० ते ८०० मिलिलिटर द्रव बाहेर जातो. अशा माणसाने उन्हात चालायला निघण्यापूर्वी पाणी तोडले, तर चक्कर, पायात गोळे, गडद लघवी आणि पुढे मूत्रपिंडांवर ताण अशी साखळी सुरू होऊ शकते. बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट म्हणजे नुसते साधे पाणी भराभर पिणे हाही त्यावर उपाय नाही, कारण मीठ नसलेले पाणी आतड्यातील मीठ ओढून घेत पिशवीवाटे निघून जाते. म्हणून घामाच्या श्रमात ओआरएस घोटाघोटाने घ्यावे लागते. युरोस्टोमी असलेल्यांनी पाणी कमी केले तर मूत्रमार्गाच्या संसर्गाला वाव मिळतो. उपाशी राहूनही पिशवी रिकामी राहत नाही, कारण रिकाम्या आतड्यात वायू वाढतो आणि पातळ स्राव चालूच राहतो. त्यापेक्षा निघण्यापूर्वी काही तास आधी नेहमीचे जेवण नीट चावून घ्यावे आणि पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करावी. ज्यांची कोलोस्टोमी डाव्या बाजूच्या मोठ्या आतड्याची आहे, त्यांपैकी काहींना स्टोमावाटे पाणी सोडून आतडे धुण्याची इरिगेशन पद्धत शिकता येते, आणि मग दिवसभर किंवा त्याहूनही अधिक काळ पिशवीत जवळजवळ काही येत नाही; पण ती डॉक्टरांच्या संमतीने आणि शिकवणाऱ्या नर्सच्या हाताखालीच शिकायची असते.

वासाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. पिशव्या वास अडवणाऱ्या आवरणाच्या असतात. रिकामी करतानाचा क्षण सोडून वास आला तर कोठेतरी गळती आहे आणि बेसप्लेट बदलायची वेळ झाली आहे, असे समजावे. सोबत बदलीची बेसप्लेट, पिशवी, ओले रुमाल आणि कपड्यांचा एक जोड ठेवला की प्रवासातली बरीच चिंता मिटते.

राहिला शेवटचा दावा, की समदुःखी माणसांपासून दूर राहावे. या विषयाचा इतिहासच याच्या उलट साक्ष देतो. १९५४ मध्ये डेन्मार्कमधील परिचारिका एलिसे सोरेन्सन हिने त्वचेला चिकटणारी, वापरून टाकून देता येणारी पिशवी कल्पिली, कारण शस्त्रक्रियेनंतर तिची बहीण थोरा गळतीच्या भीतीने घराबाहेर पडत नव्हती. म्हणजे आज जी वस्तू पाहून आपण घरात बसतो, ती माणसाला घराबाहेर नेण्यासाठीच जन्मली. आधारगटांची सुरुवातही रुग्णांनीच केली. ब्रायन ब्रुक या शल्यचिकित्सकाने १९५२ मध्ये इलिओस्टोमीची सुधारित पद्धत मांडली, आणि १९५६ मध्ये ब्रिटनमध्ये इलिओस्टोमी झालेल्यांची संघटना स्थापन झाली तेव्हा तेच तिचे पहिले अध्यक्ष झाले. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये रुपर्ट टर्नबुल या शल्यचिकित्सकाने रुग्णांना शिकवण्यासाठी नॉर्मा गिल यांची नेमणूक केली. त्यांची स्वतःची इलिओस्टोमी झालेली होती, आणि आजच्या स्टोमा नर्सिंगची परंपरा त्यांच्यापासून सुरू होते. डॉक्टरांनी ज्या अनुभवाला शाळेचा दर्जा दिला, त्यापासून दूर राहायला सांगणे मला अन्यायाचे वाटते.

गटातही चुकीचे सल्ले मिळू शकतात, हे मला मान्य आहे. एकाला मानवलेली, स्टोमाभोवती लावायची पेस्ट दुसऱ्याच्या त्वचेला सोसत नाही, आणि औषध बदला असे सांगणारा माणूस कोणत्याही बैठकीत भेटू शकतो. म्हणूनच गटात इतरांना मदत करणाऱ्या प्रशिक्षित सहायकाला पहिला धडा दिला जातो तो हा, की औषध, निदान आणि शस्त्रक्रिया यांविषयी मत द्यायचे नाही, आपण कसे जगतो ते सांगायचे आणि बाकी डॉक्टरांकडे पाठवायचे. मन खचण्याविषयी बोलायचे, तर माझे मन खचले होते ते एकटी असताना. मी गटात प्रथम गेले तेव्हा माझ्याशी सर्वांत कमी बोललेल्या एका ज्येष्ठ बाईंनी मला फक्त दोन प्रश्न विचारले : पूर्वी काय करत होतात, आणि त्यातले नेमके काय अडते. पोहण्याच्या कपड्यातून पिशवीचा उंचवटा दिसेल, असे मी म्हटले. त्यांनी कमरेशी झालर असलेला आपला पोहण्याचा पोशाख दाखवला, छोट्या आकाराची पिशवी कोणाकडे विचारावी ते सांगितले, आणि पुढच्या आठवड्यात स्वतः माझ्याबरोबर आल्या. त्या आधी पाण्यात उतरल्या, पलीकडच्या कठड्यापर्यंत जाऊन परत आल्या, आणि मी पायरीवर उभी होते तेथे येऊन थांबल्या. घाई करू नका, असे त्या म्हणाल्या. मी त्या दिवशी कमरेपर्यंतच गेले. तिसऱ्या खेपेला पलीकडचा कठडा गाठला.