पगार कसला मागता, सेवा म्हणता ना?

संध्याकाळपासून डोकं भणभणतंय म्हणून लिहितेय. लांबणार आहे. कंटाळा येईल त्यांनी सरळ पुढे जावं.

आज सोसायटीची मीटिंग होती. गणपतीच्या वर्गणीतले पैसे उरलेत, ते चांगल्या कामाला द्यायचे ठरलं. मी रुग्णसाहित्य देणाऱ्या एका ट्रस्टचं सुचवलं. (नाव लिहीत नाही, त्यांनाच आवडायचं नाही.) काय हवंय ते फोन करून विचारूनही गेले होते. त्यांना हवाय टेम्पो चालवणाऱ्या पोराचा सहा महिन्यांचा पगार. झालं! एक सद्गृहस्थ म्हणाले, "पगार कसला? सेवा म्हणता ना? त्यापेक्षा दोन व्हीलचेअर देऊ, पाठीवर सोसायटीचं नाव टाकून." सगळ्यांच्या माना डोलल्या.

अहो, व्हीलचेअर आहेत त्यांच्याकडे! घडी घालून भिंतीला टेकून ओळीने उभ्या आहेत, प्रत्येकीच्या पाठीवर कुणाच्या तरी मातोश्रींचं नाव. त्या घरोघरी पोचवायला माणूस नाहीये.

2019 च्या पावसाळ्यात अण्णा बाथरूममध्ये पडले, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि डिस्चार्जच्या आदल्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, घरी फाउलर बेड लागेल, हँडल फिरवून डोकं-गुडघे वर घेता येतात तो. नवा घ्यायची ऐपत नव्हती आणि ठेवायला जागाही नव्हती. कुणीतरी या ट्रस्टचा नंबर दिला. 3,000 रुपये डिपॉझिट, महिन्याला 300 भाडं. टेबलावरच्या काकांनी वहीत लिहिलं, 'बेड नं. 17'. तेव्हा आम्ही नाशिकच्या सिडकोत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. तो पोरगा आला, पान्याने बेडचे भाग सुटे केले, जिन्यातून एकेक वर नेला, जोडला, हँडलला तेल घातलं. आणि आईला शिकवलं, हे हँडल डोक्याकडचं, हे गुडघ्याचं, आणि चाकाचा ब्रेक लावल्याशिवाय पेशंटला उठवायचं नाही मावशी. त्या ब्रेकचं आम्हाला कोण सांगणार होतं? हॉस्पिटलने तर बिल आणि फाइल हातात देऊन मोकळं केलं होतं.

ही जी दहा मिनिटं त्याने आईला दिली ना, त्यावर कुणाचं नाव रंगवणार आहात?

आणि वर त्या गृहस्थांचं काय, तर मी माझे पाच हजार घालतो, पण 80जीची, म्हणजे देणगीवर आयकरात सूट मिळते ती, पावती माझ्या नावाने हवी. वस्तू दिली तर ती सूट लागतच नाही हो! पैसेच द्यावे लागतात, तेही 2,000 च्या वर रोख चालत नाहीत. नवी करप्रणाली घेतली असेल तर विषयच संपला. हे गृहस्थ लोकांचे रिटर्न भरून देतात, बरं का.

हो, ट्रस्टच्या नावाखाली दुकानं मांडलेले आहेत, मान्य. हिशेब मागा, धर्मादाय आयुक्तांकडे ऑडिट जातं, ते बघा. पुढे.

अंबड-सातपूरच्या कारखान्यांचंही तेच. मोठ्या कंपन्यांना 2013 च्या कंपनी कायद्याने नफ्यातले 2 टक्के समाजकामाला द्यावेच लागतात, पण देताना फोटोत मावेल असंच काहीतरी बघतात. आपण तरी वेगळे कुठे? अन्नदान म्हटलं की आख्ख्या नाशिकचा हात सैल सुटतो. टेम्पोत डिझेल टाकणाऱ्याचं पुण्य कुठे मोजत नाहीत वाटतं.

बेडची पावती करायला गेले होते तेव्हाचं अजून एक. माझ्या आधी जेलरोडची एक बाई कमोड चेअर न्यायला आलेली. काकांनी सहज विचारलं, मालकांना कुठे ठेवलंय? तिने सांगितलं. काका म्हणाले, "अहो, ते धर्मादाय हॉस्पिटल आहे. 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि 10 टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात त्यांना. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवकाला भेटा." पावतीच्या मागे सगळं लिहून दिलं. बाई ती पावती नुसती धरून उभी. चेअर न्यायची विसरून निघाली होती, हाक मारून परत बोलवावं लागलं.

काका पेन्शनर, त्यांचं फुकटात भागतं. टेम्पोच्या पोराला दोन लेकरं आहेत. त्याने सेवा करायची, तर त्याच्या घरचा किराणा कोण भरणार?

अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. मी हँडल फिरवून डोक्याची बाजू वर घ्यायला लागले की म्हणायचे, "घाट लागला, सेकंड टाक." शेवटी शेवटी आवाज फुटत नव्हता, तर नुसती डावी मूठ हलवायचे, गिअर टाकल्यासारखी. चार महिने सतरा नंबरवर होते.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. खरं सांगू? बेड परत केला तेव्हा डिपॉझिट मी मोजून घेतलं होतं. त्यातले पाचशेसुद्धा तिथे ठेवावेत असं सुचलं नाही. त्यानंतर एवढ्या वर्षांत एक रुपया दिला नाही, आणि आज मीटिंगमध्ये केवढी तावातावाने बोलत होते! त्या गृहस्थांनी निदान पाच हजार तरी काढले होते.

आत्ता जेवण झाल्यावर काकांना फोन केला, व्हीलचेअर येतायत म्हणून सांगायला. ते हसले. म्हणाले, येऊ द्या, ठेवू. मग मी विचारलं, सतरा नंबर आहे का अजून? वही चाळल्याचा आवाज आला. "आहे ना. देवळाली गावात होता. ते आजोबा गेले परवा. बेड आणायचाय, पण टेम्पोला माणूस नाही."

पगाराचं माझ्याकडून होईल तेवढं मी देतेय. पण सोमवारी सकाळी नऊला देवळाली गावात बेड उचलायला जातेय. भाड्याचा टेम्पो सांगितलाय, पान्याचा सेट आमच्याकडे आहे. धरायला दोन माणसं लागतील. कुणी येतंय का? बेड जड आहे.