आद्याच्या आईला उत्तर: गप्प झाली म्हणजे रुळली असं नाही

आद्याची आई, नमस्कार.

पाळणाघराच्या तयारीवरच्या आमच्या लेखाला तुम्ही तीन हरकती घेतल्यात. दोन आठवडे मुलाजवळ बसा म्हणणं सोपं, पण ठाण्याहून रोज सीएसएमटी गाठणाऱ्या बाईला एवढी रजा देतं कोण. तुमच्या हातात जेमतेम तीन दिवस आहेत. दुसरं, सव्वा वर्षाच्या मुलीला निरोप वगैरे काय कळतो, खेळात गुंतवून गुपचूप सटकलेलं बरं. आणि तिसरं, पाळणाघरातल्या मावशी म्हणतात तसं चार दिवस रडतात, मग आपोआप गप्प होतात.

पहिली हरकत मान्य. घरात कुणीतरी मोकळं असेल असं धरून आम्ही लिहिलं, ते चुकलं. पण तीन दिवस रजा पूर्ण घेऊ नका, सहा अर्धे दिवस करून मागा. शनिवारी पाळणाघर उघडं असेल तर सुरुवात शनिवारीच करा, म्हणजे एक दिवस फुकटात सुटतो. शनिवार, सोमवार, मंगळवार: दहा ते अकरा, तुम्ही तिच्यासोबत. एका कोपऱ्यात बसा, स्वतः खेळवू नका. खेळणं पुढे करायचं काम मावशींचं. मंगळवारचा खाऊही मावशींच्या हातून. बुधवारी निरोप घेऊन पंधरा-वीस मिनिटं बाहेर, पण इमारतीतच. गुरुवारी तिथलं जेवण होईपर्यंत. शुक्रवारी जेवण आणि दुपारची झोप, ती उठायच्या आत तिचे बाबा दारात. (तुमच्या हिशेबात बाबांची अर्धी रजासुद्धा नाही, ती धरा.) सहावा अर्धा दिवस राखून ठेवा. बुधवारी मावशींनी घेऊनही रडणं चढतच गेलं, तर लगेच आत जा, पुढचे दोन दिवस पुन्हा सोबत बसा आणि मग परत प्रयत्न करा. पहिली ताटातूट सोमवारी नको. रविवारभर आईला चिकटलेलं मूल सोमवारी सगळ्यात अवघड जातं. जर्मनीत ‘बर्लिन पद्धत’ म्हणून जी प्रसिद्ध आहे तीही तीन दिवस सोबत, चौथ्या दिवशी पहिली ताटातूट अशीच चालते.

गुपचूप सटकण्याबद्दल मात्र आम्ही ठाम आहोत. ‘दारात रेंगाळू नका, पटकन निघा’ या आमच्या वाक्याचा तुम्ही तसा अर्थ लावलात, आणि वाक्य संदिग्ध होतंच. साधारण आठ महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत ताटातुटीची भीती जोरात असते. आई दिसली नाही तरी कुठेतरी आहे हे आद्याला कळतं. ती परत कधी येणार हे कळत नाही. खेळता खेळता मान वळवली आणि आई गायब, असं दोनदा झालं की ती खेळणंच सोडते. घरीसुद्धा न्हाणीघराच्या दारापर्यंत मागे येते आणि रात्री दचकून उठते. सकाळी वाचवलेली पाच मिनिटं अशी रात्री वसूल होतात.

निरोप अर्ध्या मिनिटाचाच हवा, पण तिच्या डोळ्यांसमोर. चपला काढल्या, पिशवी खुंटीला लावली, मग तुम्ही स्वतः तिला मावशींच्या हातात द्यायचं. मावशींनी कडेवरून ओढून घ्यायचं नाही, नाहीतर मावशी म्हणजे आईपासून तोडणारी बाई होते. रोज तेच वाक्य: ‘आई ऑफिसला जाऊन येते. खाऊ, मंमं, गाई, मग आई.’ आपल्याकडे निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात. ती रीत इथे शब्दशः कामाची आहे. पाच वाजता म्हणून उपयोग नाही, झोप झाल्यावर म्हणा. मग वळायचं आणि खिडकीतून डोकवायचं नाही.

आता ‘गप्प होतात’. सोडताना रडली, दहा-पंधरा मिनिटांत थांबली, जेवली, खेळली, तर काळजी नको. पण दारातच गप्प, कोपऱ्यात बसून, डब्याला हात नाही, लंगोट नेहमीपेक्षा कोरडे, हे रुळणं नव्हे. रुळलेलं मूल पडल्यावर रडत मावशींकडे जातं आणि त्यांच्या कडेवर शांत होतं. म्हणून संध्याकाळी ‘रडली का?’ विचारू नका, ‘कशाने थांबली?’ विचारा. नेमकं उत्तर मिळालं तर मावशींचं लक्ष आहे. दोन आठवड्यांनंतरही ‘थांबते हो आपोआप’ एवढंच येत असेल तर एखाद्या दुपारी न सांगता जाऊन बघा.

तुमच्या प्रतिक्रियेत जाता जाता आलेली एक गोष्ट आम्हाला या तिन्हींहून मोठी वाटली: आद्या झोळीत आणि दूध पीत झोपते. म्हणजे खरी अडचण सकाळी दारात नाही, दुपारी एक वाजता आहे. पाळणाघरात बहुधा जमिनीवर गाद्या असतात, आणि दहा मुलांत एकीलाच हलवत बसायला मावशींना जमत नाही. आजपासून दुपारची झोप घरी गादीवर घ्या. दूध झोपेच्या वीस मिनिटं आधी संपवा, मग पाठीवर थोपटा. पहिले तीन-चार दिवस अर्धा-पाऊण तास जाईल. रात्रीची झोळी तूर्त राहू द्या, दोन्ही एकदम काढू नका. तुमची न धुतलेली जुनी ओढणी, चौघडी करून, गादीखाली जाईल. वासाने फरक पडतो. मोबाइल लावून भरवत असाल तर तेही आत्ताच बंद, कारण तिथे मोबाइल नसेल (असेल तर पाळणाघर बदला).

तुमच्या ऑफिसात पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय आणि आईला दिवसातून चार भेटी ही तरतूद २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात आली. लोकलच्या गर्दीतून मुलीला रोज न्यायचं का, हा प्रश्न वेगळा. आम्ही घराजवळचंच निवडू.

आणि ने-आण करणाऱ्यांच्या यादीत तुमच्या दोघांखेरीज पाळणाघरापर्यंत चालत पोचेल असं एक नाव फोटोसकट द्या, शेजारच्या काकू चालतील. कुर्ला-सायनला रुळांवर पाणी आलं की तुम्ही दोघंही गाडीतच अडकणार. त्या काकूंनी पावसाळ्याआधी दोनदा तरी आद्याला आणलेलं असू द्या.