मीठ, लिंबू आणि मामा

परवा बेळगावात एका अक्षतेला गेलो होतो. पत्रिकेवर मुहूर्त 12 वाजून 37 मिनिटांचा, अक्षता पडल्या सव्वाला, आणि पहिली पंगत पकडण्याच्या धांदलीत माझी एक चप्पल गेली. यातल्या कशाचाही मला राग नाही. राग आहे तो शेजारच्या पानावर बसलेल्या मामांचा.

ते नेमके कुणाचे मामा, हे शेवटपर्यंत कळलं नाही. खानापूरकडचे. पांढरी टोपी, खिशाला तीन पेनं. तालुक्यातल्या निम्म्या सोयरिकी आपणच जुळवल्या, असं बसल्या बसल्या सांगितलं आणि माझ्या खिशात कार्ड कोंबलं. वाढपी मीठ-लिंबू ठेवून पुढं गेला. दुसऱ्या पंगतीचे लोक घुसू नयेत म्हणून दारं लावून घेतली. मी मोबाईल काढला. कार्यालयाचं वायफाय चांगलं चालत होतं, म्हणून ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या इंग्रजी मालिकेच्या तिसऱ्या सीझनचा नववा भाग उतरवून घ्यायला लावला होता. होय, जग बघून, भांडून, विसरून गेल्यावर मी बघायला बसलोय. आमच्या घरी मिक्सरसुद्धा गल्लीत सगळ्यांकडचे जळून झाल्यावर आला.

“काय बघालायसा पावणं?” मामा मोबाईलवर वाकले. “आरं तिच्या! नववा? नातवानं दाखवलाय मला, समदं मराठीत सांगून.”

“मामा, पुढचं सांगू नका.”

“छे छे, पुढचं कशाला? मागचंच सांगतो की.”

इथं मी पानावरून उठायला हवं होतं. पण मसालेभात नुकताच पडला होता.

“त्या पोरानं पुलावरच्या म्हाताऱ्याला शब्द दिल्ता का न्हाई? तुझी लेक करतो म्हणून?”

“दिला होता.”

“त्याच्यावर म्हाताऱ्यानं फौज पलीकडं सोडली. आणि ह्यानं? लढाईत गावलेली दुसरीच केली! सुपारी फुटलेली सोयरीक मोडली वो!”

“सुपारी कुठं फुटली होती, मामा?”

“पूल वलांडला म्हंजे फुटली!” मामांनी भजं हवेत थांबवलं. “आवो, मलप्रभेच्या पुलावरनं वरात नेल्यावर न्हाई म्हणता येतंय काय? बरं, मोडली ते मोडली. भरपाईला कुणाला उभा केला बोहल्यावर? मामाला! आईच्या सख्ख्या भावाला! मामानं काय घोडं मारलं हुतं?”

हा मुद्दा त्यांना वैयक्तिक लागला होता. आजूबाजूची चार पानंही जेवायची थांबली. समोरच्या काकूंनी, “कुणाच्यात झालं हे?” असं हळूच विचारलं.

“मग म्हातारा ग्वाड बोलला. या म्हटला. मीठ-भाकर हातावर ठेवली. लगीन लागलं, जेवणं झाली, बाजेवाल्यांनी सूर बदलला, आणि दारं...”

“मामा!”

“...लावली. आन् कापलं! पोराला कापलं, आईला कापलं, कुत्रंबी सोडलं न्हाई.”

माझी नजर आपोआप दाराकडं गेली. बाहेर बँडवाल्यांनी गाणं बदललं होतं.

“जिलबी?” वाढप्यानं विचारलं.

“वाढ की,” मामा म्हणाले. “म्हाताऱ्याचं चुकलं एवढंच, की मीठ घालून कापलं. कापायचं तर उपाशीपोटी कापावं.”

हा भाग 2 जून 2013 ला आला. मूळ कादंबरी 2000 सालची. म्हणजे ज्यांनी ती वाचली होती, त्यांच्यातले बरेचजण 13 वर्षं तोंड शिवून बसले. नुसते बसले नाहीत, तर त्या रात्री न वाचलेल्या मित्रांना कोचावर बसवून, मोबाईल लपवून त्यांच्या किंकाळ्या टिपल्या. पोरी उशीत तोंड खुपसून रडतायत, बाप्ये टीव्हीला शिव्या देतायत. खुद्द कादंबरीकार जॉर्ज मार्टिनला हे प्रकरण लिहवेना. बाकीची कादंबरी संपवून तो शेवटी त्याकडं वळला. कल्पना म्हणे स्कॉटलंडच्या इतिहासातली, 1440 ची पाहुण्यांना जेवायला बोलावून मारल्याची मेजवानी आणि 1692 ची ग्लेन्कोची कत्तल. म्हणजे तिकडची माणसं पावणेसहाशे वर्षं गप्प. आणि आमच्या मामांना जिलबी येईपर्यंत दम निघाला नाही.

आणि हे मामांचं एकट्याचं नाही. आमच्याकडं पेढ्यांच्या आधी निकाल गल्लीत पोचतो. सुनेला दिवस गेल्याचं तिच्या नवऱ्याआधी शेजारणीला कळतं. फुटत नाही ती एकच मालिका, सीमाप्रश्नाची. 1956 साली सुरू झाली, 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, आजोबा बघत गेले, वडील बघून थकले. तिचा शेवट कुणी सांगणार असेल तर मी त्याला रोज कुंदा खाऊ घालायला तयार आहे. तिथं मात्र सगळे मामा गप्प.

रात्री तरीही बघितला तो भाग. सगळं ठाऊक असल्यानं निवांत, पाय पसरून. दारं लागली, सूर बदलला, आता पोराला कापणार म्हणून बसलो, आणि पहिला सुरा त्याच्या बायकोच्या पोटात. दिवस गेलेल्या पोटात. मी ओरडलोच. आतून बायको धावत आली.

ह्याबद्दल मामा अवाक्षर बोलले नव्हते. रात्रीचे अकरा वाजले होते, तरी खिशातलं कार्ड काढून फोन लावला.

“मामा, सगळं सांगितलं, मग त्या सुनेचं का नाही सांगितलं?”

पलीकडं बराच वेळ शांतता.

“कुठली सून वो?”