‘४८ वजा करा, संपलं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ‘जुना सीवाला’,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा चिडलो, दुसऱ्यांदा कोड उघडून बसलो. इतरांसाठी आधी थोडक्यात सांगतो. मी हौसेने लिहीत असलेल्या छोट्या इंटरप्रिटरमध्ये (कोड ओळीओळीने वाचून चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) ‘अंक’ नावाचं एक फंक्शन आहे. स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ, द्यायची, संख्या घ्यायची. त्याला मराठी आकडे चालतात, पण ‘५०रु’ दिलं की ते एरर देतं. यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. मराठी आकडे चालवणं हा भाषाभिमान आहे, अभियांत्रिकी नाही. ‘प्रत्येक अक्षरातून ४८ वजा करा, दहाने गुणत चला, संपलं’. खुद्द पायथॉन ही भाषाही मराठी आकडे घेत नाही, तुम्ही करून पाहिलंत आणि सिंटॅक्स एरर आली. आणि ‘५०रु’मधून ५० काढता येत नसतील तर ते फंक्शन काय कामाचं?

मधल्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण खरी गोम तिथेच आहे. तुम्ही बहुधा ‘भाव = १२’ असं फाइलीत लिहून फाइल चालवली असणार. ते चालत नाहीच. पण इंटरप्रिटरमध्ये आकडा दोन दारांनी येतो. एक दार प्रोग्रामरचं. तिथे कोडचे तुकडे पाडून ओळखणारा लेक्सर बसलेला असतो आणि कोडमधला आकडा इंग्रजीतच हवा, असा त्याचा दंडक असतो. दुसरं दार प्रोग्राम चालू असताना बाहेरून येणाऱ्या मजकुराचं: कुणी फॉर्ममध्ये टाकलेलं, फाइलीतून वाचलेलं. तिथे मजकुराची संख्या करणारं इंट() उभं असतं. आता प्रॉम्प्टवर मराठी कीबोर्डने इंट('१२') टाकून पाहा. मुकाट्याने बारा मिळतात. दशांश असेल तर फ्लोट('१२.५')ही चालतं. (त्यातली गंमत म्हणजे ‘भाव१’ हे व्हेरिएबलचं नाव म्हणून लेक्सरला चालतं. आकडा नावाच्या शेपटीला चालतो, स्वतंत्रपणे चालत नाही.)

आत काय होतं तेही सोपं आहे. स्ट्रिंग पूर्ण आस्की, म्हणजे फक्त साध्या इंग्रजी अक्षर-आकड्यांची, असेल तर सीपायथॉन (पायथॉनचा मूळ इंटरप्रिटर) तिला हातही लावत नाही, जशीच्या तशी पुढे पाठवतं. नसेल तर एकेक अक्षर पाहून युनिकोडमधल्या (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीतल्या) कुठल्याही लिपीच्या दशमान अंकाच्या जागी साधा इंग्रजी अंक ठेवतं, निरनिराळ्या जातींच्या मोकळ्या जागांच्या जागी साधी स्पेस ठेवतं, आणि अनोळखी काही दिसलं की तिथे प्रश्नचिन्ह टाकून थांबतं. मग नेहमीचं फंक्शन चालतं, आणि प्रश्नचिन्ह भेटलं की ते एरर देतं. म्हणजे मराठी आकडे चालवल्याने इंग्रजी आकड्यांवर वेगाचा भुर्दंड पडत नाही. वेळ खरा जातो तो आकडा लांबलचक असेल तेव्हा. आकडा आपल्या दशमान पद्धतीतून संगणकाच्या द्विमान पद्धतीत नेण्याच्या साध्या रीतीत अंक दुप्पट झाले की काम चौपट होतं. कुणी मुद्दाम लाखो अंकांची स्ट्रिंग पाठवून सर्व्हर अडकवू नये म्हणून सप्टेंबर २०२२ मध्ये पायथॉनने ४,३०० अंकांची मर्यादा घातली. त्यापुढे इंट() सरळ नकार देतं.

आता तुमचं ४८. इंग्रजी शून्याचा क्रमांक ४८, म्हणून ही वजाबाकी. देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६, एकचा २४०७, असे दहाही अंक ओळीने लागलेले आहेत. म्हणजे सूत्र तुमचंच, फक्त ४८ च्या जागी २४०६. एवढाच काय तो माझा भाषाभिमान! पण हद्द (अक्षर खरंच शून्य ते नऊमधलं आहे का) न तपासता ‘१२’मधून ४८च वजा करत गेलात तर पहिला अंक येतो २३५९, दुसरा २३६०, आणि दहाने गुणून बेरीज होते २५,९५०. बाराचे पंचवीस हजार नऊशे पन्नास, आणि एरर कुठेच नाही. तुम्ही म्हणाल, मी हद्द तपासतोच. तपासता हे मान्य. पण सीमध्ये स्ट्रिंगची संख्या करणाऱ्या तुमच्या लाडक्या एटूआयचं (atoi) काय? त्याला ‘१२’ दिलं तर ते शून्य देतं, ‘अबक’ दिलं तरी शून्य, आणि खरोखरचं शून्य दिलं तरी शून्यच. माणसाने शून्य लिहिलं होतं की आपल्याला वाचता आलं नाही, हे कळायला मार्गच नाही. म्हणूनच तर स्ट्रटूएल (strtol) वापरा, ते कुठवर वाचलं हे सांगतं, असं सीमधलीच जाणती मंडळी बजावतात.

या शून्याचा फटका मी स्वतः खाल्लाय. गेल्या उन्हाळ्यात सोसायटीच्या पाण्याच्या टँकरचा हिशोब माझ्याकडे होता. गेटवरचे वॉचमनकाका फोनवरून नोंद टाकायचे: तारीख, टँकर किती, रक्कम. त्यांचा कीबोर्ड मराठी, त्यामुळे आकडेही मराठी. माझी स्क्रिप्ट जावास्क्रिप्टमध्ये होती, तिथलं स्ट्रिंगची संख्या करणारं पार्सइंट मराठी आकड्याला ‘संख्या नाही’ म्हणतं. मी शहाणपणा करून ठेवला होता, की असं झालं तर शून्य धरावं. महिनाअखेरीस सोसायटीत एकही टँकर आला नव्हता! सेक्रेटरींनी सभेत ते मोठ्याने वाचून दाखवलं. नंतर काकांना इंग्रजी आकडे टाकायला सांगितले. त्यांनी बिल जसं छापलेलं होतं तसं टाकलं, अठरा हजार पाचशे, स्वल्पविरामासकट. पार्सइंटने अठरापर्यंत वाचलं, स्वल्पविराम पाहिला आणि तिथेच थांबलं. अठरा रुपये. चूक काकांची नव्हती. दोन्ही वेळा त्यांनी बरोबरच लिहिलं होतं.

म्हणून ‘५०रु’ मी घेत नाही. जे फंक्शन ‘५०रु’चे पन्नास करतं, तेच ‘१८,५००’चे अठरा करतं. एकाला होय आणि दुसऱ्याला नाही म्हणायचं तर त्याला रुपया म्हणजे काय हे ठाऊक असावं लागेल. स्वल्पविराम गाळून टाका असंही म्हणाल, पण जर्मनीत स्वल्पविराम हे दशांशचिन्ह आहे, तिथे साडेबाराचे एकशे पंचवीस होतील. ते काम वेगळ्या फंक्शनचं, ज्याला देश-प्रदेश सांगावा लागतो. पायथॉनने डिसेंबर २०१६ मध्ये आलेल्या ३.६ पासून अंकांच्या मधे अंडरस्कोर चालवून घेतला, आणि गट तिनाचेच हवेत असा आग्रह धरला नाही. त्यामुळे लाखाच्या पद्धतीने १_२५_००० लिहिलं तरी इंट() घेतं. हे मला आवडलं. उलट पीएचपी या भाषेत २०२० च्या आठव्या आवृत्तीपर्यंत शून्य आणि ‘अबक’ यांची सैल तुलना (एक संख्या, एक मजकूर हा फरक न पाहता) केली तर ते दोघे समान निघायचे. अंदाजाने वाचायची सवय लागली की गाडी तिथवर जाते.

तुमच्या बाजूचा एक मुद्दा मात्र मला आता पटला आहे, जरी तुम्ही तो रागात लिहिलात: ‘उद्या सगळ्या लिप्यांची खिचडी घ्याल.’ पायथॉन अशी खिचडी खरंच घेतं. बंगाली चार दिसायला हुबेहूब इंग्रजी आठ, आणि ओडिया दोन दिसायला इंग्रजी नऊसारखा. हे दोन शेजारी ठेवले की डोळ्यांना एकोणनव्वद दिसतात आणि इंट() बेचाळीस सांगतं. हे उदाहरण पायथॉनच्याच सुरक्षाविषयक टिपणात दिलेलं आहे. बिलात असं कुणी केलं तर सही करणारा एकोणनव्वद वाचेल आणि खात्यात बेचाळीस जातील. माझं ‘अंक’ही काल रात्रीपर्यंत ही खिचडी खात होतं. आता एका स्ट्रिंगमध्ये एकच लिपी, नाहीतर एरर.

ते दुरुस्त करताना आणखी एक किडा सापडला, जो तुम्हीही पकडला नव्हता. युनिकोडमध्ये देवनागरी नऊच्या लगेच पुढच्या घरात ‘॰’ बसलंय, आपण ‘डॉ॰’ लिहिताना वापरतो ते लाघवचिन्ह. दिसायला बारीक शून्यच. माझ्या हद्दतपासणीत ‘पेक्षा कमी’च्या जागी ‘पेक्षा कमी किंवा समान’ पडलं होतं. परिणामी ‘१॰’ दिलं की एक गुणिले दहा अधिक दहा, म्हणजे वीस! सीमध्ये तुम्ही अशा एकच्या चुका आयुष्यभर शोधल्या असतील. नवा कोड टाकलाय, तो एकदा नजरेखालून घाला. ‘५०रु’ सोडून बाकी सगळ्यावर बोलू.